सासूबाईंचा अबोला

रुग्णालयातल्या बेचाळीस यंत्रांना नात्यांची नावं कुणी दिली, असं विचारलं तर तळघरापासून पाचव्या मजल्यापर्यंत कुणीही थोरल्यांकडे बोट दाखवलं असतं. यंत्रं म्हणजे स्विच. प्रत्येक विभागातल्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात, ती हिरवे दिवे लुकलुकणारी चपटी खोकी. कंपनीनं त्यांना लांबलचक क्रमांक दिले होते आणि ते कुणाच्या लक्षात राहत नव्हते. थोरल्यांनी एका दुपारी बसून सगळ्यांचं बारसं उरकलं. प्रयोगशाळेतली ती आत्या, कारण तिची बडबड थांबत नसे. भांडारातला तो मामा, कारण त्याचं घड्याळ कायम सत्तेचाळीस मिनिटं मागे. बाह्यरुग्ण विभागातली मधूनच कारण नसताना रुसायची, म्हणून ती नणंद. हे नाव बायकोनं सुचवलं होतं, स्वानुभवावरून. बायकोची नणंद म्हणजे आपलीच सख्खी बहीण, हे थोरल्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं; तोवर नाव यंत्रात पक्कं बसलं होतं.

आणि तळघरात होत्या सासूबाई. सगळ्या इमारतीचं जाणं-येणं त्यांच्या दारातून. रक्ताचा अहवाल असो, क्ष-किरणाचं चित्र असो, त्यांना ओलांडून कुणालाही कुठे जाता येत नसे. थोरले रोज सकाळी आठ वाजता तळघराचं कुलूप काढत, सासूबाईंच्या पाठीवर पालथा हात ठेवून ऊब बघत, पंख्यांचा आवाज ऐकत आणि मग आपला लॅपटॉप जोडून त्यांची रात्रभराची गाऱ्हाणी वाचत. यंत्र आपल्याला काय होतंय ते ओळीओळीनं लिहून ठेवतं. शिकलेले लोक त्याला लॉग म्हणतात, थोरले गाऱ्हाणी म्हणत. सासूबाईंच्या डोक्यात शेवटची काहीशेच गाऱ्हाणी मावायची, जुनी आपोआप पुसली जायची. त्यामुळे ती वेळेवर जाऊन ऐकणारं कुणीतरी लागे. एकोणीस वर्षं ते ऐकणारे थोरले होते आणि या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो त्यांनी बायकोलासुद्धा कधी पुरता सांगितला नव्हता.

त्यांना थोरले म्हणत ते सासरी, दोन जावयांत मोठे म्हणून. रुग्णालयात ते नाव चिकटलं धाकटे आल्यावर. धाकटे म्हणजे त्यांचे साडू, मेहुणीचे यजमान. वर्षापूर्वी धाकट्यांची कंपनी बुडाली तेव्हा सासूबाई, म्हणजे हाडामांसाच्या खऱ्या, थोरल्यांना म्हणाल्या होत्या, "जावईबापू, तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. यांचं काही जमतंय का बघा." शब्दाला वजन आहे म्हटल्यावर माणूस शब्द टाकणारच. थोरल्यांनी टाकला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला दुसऱ्याची मदत लागत नाही ती अशी.

धाकटे वाईट असते तर बरं झालं असतं. ते हुशार होते, वक्तशीर होते, थोरल्यांना दादा म्हणत, त्यांच्या आधी कधी खुर्चीत बसत नसत. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. थोरले ते कष्ट मनापासून घेत होते.

तोंड फुटलं ते महिन्याच्या बैठकीत. संचालकबाई नव्या होत्या आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण कागदावर लागे. "गेल्या वर्षी अकरा वेळा नेटवर्क बंद पडलं," त्या म्हणाल्या. "कशामुळे?"

थोरल्यांनी अकराही कारणं तोंडपाठ सांगितली.

"हे तुमच्या डोक्यात आहे," बाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही रजेवर गेलात तर मी काय वाचू?" मग त्यांनी सांगितलं की सगळ्या यंत्रांच्या नोंदी एका सर्व्हरवर जमा करायच्या. आणि महिनाअखेर नेटवर्कप्रमुख असं एक पद नव्यानं भरायचं, हे काम बघूनच भरायचं. धाकट्यांनी आधीच्या कंपनीत असा सर्व्हर उभा केला होता, तेव्हा काम त्यांच्याकडे. "तुम्ही त्यांना मदत करा," बाई थोरल्यांना म्हणाल्या.

मदत हा शब्द थोरल्यांनी घरी नेला, रात्री उशाशी घेतला आणि सकाळी परत आणला.

धाकट्यांनी लेखा विभागातून सुटलेला एक जुना सर्व्हर मिळवला, दोन नव्या डिस्क घातल्या आणि तळघरात नेमका सासूबाईंच्या खालच्या कप्प्यात बसवला. "आता कुणी आपली गाऱ्हाणी आपल्याजवळ ठेवायची नाहीत, दादा," ते उत्साहानं सांगत होते. "काही झालं की त्याच क्षणी इथं कळवायचं. वर खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावू. बेचाळीस जणांचं एका जागी दिसेल."

"म्हणजे चहाड्या," थोरले म्हणाले.

धाकटे हसले. थोरले विनोद करत नव्हते.

पहिली अडचण घड्याळांची आली. गाऱ्हाणी जमा झाली, पण कोणाची आधीची आणि कोणाची नंतरची, काही पत्ता लागेना. पहाटेची ओळ दुपारच्या खाली. धाकटे दोन दिवस डोकं धरून बसले. तेव्हा थोरल्यांनी खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं, "मामा सत्तेचाळीस मिनिटं मागे. आत्या दोन तास पुढे. क्ष-किरणातल्या आजोबांना साल माहीत नाही, त्यांचं कारखान्यातून निघाले तेच चालू आहे." एकेक करत बेचाळीस सांगितले. धाकटे लिहून घेत होते आणि त्यांच्या तोंडावर खरंखुरं कौतुक होतं. "दादा, हे कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? घरातल्या माणसांचं कुणी लिहितं का?"

तीन दिवसांनी सगळी घड्याळं सर्व्हरच्या घड्याळाला जुळली. त्या दिवशी थोरल्यांच्या लक्षात आलं की एकोणीस वर्षं जपलेलं ते सगळं पाठांतर आता कवडीमोल झालं, आणि ते आपण आपल्या तोंडानं दिलं.

मग धाकट्यांनी प्रवेशाची व्यवस्था बदलली. आजवर सगळ्यांचा मिळून एकच परवलीचा शब्द होता. आता प्रत्येकाला आपलं खातं. "कोण कधी आत शिरलं तेही सर्व्हरला कळेल," ते म्हणाले. थोरल्यांच्या खात्याला त्यांनी नाव दिलं होतं दादा. थोरल्यांनी मान डोलावली. त्यांचं अर्धं लक्ष पडद्याकडे होतं. तिथे आत्याच्या ओळी भरभर सरकत होत्या आणि त्या वाचायला दोन परिचारिका आणि एक शिपाई उभे होते. आत्या त्यांच्याशी बोलत होती, म्हणजे कुणाशीही बोलत होती.

त्याच आठवड्यात नणंदेचं प्रकरण झालं. धाकट्यांनी तिच्या रुसव्यांच्या वेळा एका खाली एक लावल्या आणि म्हणाले, "दादा, हे बघा. सकाळी आठ चाळीसला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला. बाह्यरुग्णचं लोखंडी दार उघडतात आणि लावतात त्या वेळा आहेत या." दोघं जाऊन बघून आले. दाराच्या बिजागरीत एक तार चिमटत होती, वरचं आवरण पार घासून गेलं होतं. चार वर्षं थोरले सगळ्यांना सांगत आले होते की तिचा स्वभावच तसा आहे. बाह्यरुग्णच्या मुख्य परिचारिकेनं धाकट्यांचे आभार मानले आणि थोरल्यांना म्हणाली, "बघा, बिचारीचा काही दोष नव्हता." थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक सापडल्याचा राग कमी होता. ती यानं शोधावी याचा जास्त होता.

रविवारी दोघे जावई सहकुटुंब सासूबाईंकडे जेवायला होते. जेवणं झाल्यावर सासूबाई आपला फोन घेऊन आल्या. आवाज येत नव्हता. थोरल्यांनी सवयीनं हात पुढे केला. फोन त्यांच्या हातावरून पलीकडे गेला.

"तुम्ही बसा निवांत, जावईबापू," त्या म्हणाल्या. "धाकटे बघतील. त्यांच्याशी म्हणे आता सगळी यंत्रं आपणहून बोलतात."

धाकट्यांनी फोनच्या कडेचं एक बटण दाबलं, आवाज आला. ते बटण थोरल्यांनाही माहीत होतं. जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

घरी जाताना बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय."

"जेवण जड झालं."

"मी जेवणाबद्दल बोलत नाहीये."

ती बोलत होती ते खरं होतं आणि त्यांना ते तेव्हाही माहीत होतं. धाकट्यांचं काम चांगलं होतं म्हणूनच ते सहन होत नव्हतं. रात्री डोळे मिटले की सासूबाईंच्या ओळी खालच्या कप्प्यात उतरताना दिसत. सकाळी आठला ते तळघरात जात तेव्हा रात्रीची सगळी हकीकत आधीच वर पडद्यावर जाऊन पोहोचलेली असे. त्यांना सांगायला सासूबाईंकडे नवं काही उरलेलं नसे.

शनिवारी अकरा वाजता संचालकबाई काम बघायला येणार होत्या. गुरुवारी दुपारी धाकटे जेवायला गेले असताना थोरले तळघरात उतरले. त्यांनी सासूबाईंना लॅपटॉप जोडला, आत शिरले आणि एक ओळ लिहिली: सर्व्हरला काही कळवू नये. बस, एवढंच. नेटवर्क चालू, रुग्णालय चालू, फक्त सासूबाईंनी खालच्या कप्प्याशी अबोला धरायचा. शनिवारी बाई विचारतील की सगळ्यात मोठं यंत्र पडद्यावर का नाही. धाकटे गडबडतील. मग थोरले खाली जाऊन दोन मिनिटांत त्यांना बोलतं करतील, आणि कोण कोणाचं ऐकतं ते सगळ्यांना दिसेल. हे धाकट्यांना आधीच कळेल अशी भीती नव्हती. पडदा बोलणाऱ्यांचा होता. एक्केचाळीस जण बोलत असताना एक गप्प आहे, हे दाखवायची सोय त्यात कुणी केलीच नव्हती.

मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. वर येताना थोरल्यांनी जिन्यात शीळसुद्धा घातली.

मात्र शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्यांचे पाय तळघराकडे वळेनात. कुणी आपल्याला तिथे बघू नये, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ज्या बाईच्या तोंडावर आपण हात ठेवला तिच्या पाठीवर कोणत्या तोंडानं हात ठेवायचा? एकोणीस वर्षांत रजा सोडून पहिल्यांदाच ते सासूबाईंना न भेटता वर गेले. शनिवारीही तसेच गेले.

शनिवारी अकराला पाच कमी असताना बाई आल्या. धाकट्यांनी पडदा दाखवला, घड्याळांची गोष्ट सांगितली, त्यात दादांचं नाव तीनदा घेतलं. थोरले दाराशी उभे राहून बाई सासूबाईंबद्दल कधी विचारतात याची वाट बघत होते. बाईंनी बोट उचललं, आणि पडदा थांबला. आत्याची बडबड अर्ध्या ओळीवर थिजली. मग टेबलावरचा फोन वाजला, बाईंच्या हातातला वाजला, जिन्यातून कुणीतरी पळत आलं. प्रयोगशाळा बंद, बाह्यरुग्ण बंद, क्ष-किरण बंद. तळघरातल्या एका बाईनं अंथरूण धरलं आणि सगळं घर मुकं झालं.

थोरले कुणी सांगायच्या आधी जिना उतरत होते. तळघराचं दार उघडलं तर आतून तापलेल्या धुळीचा वास आला. सासूबाईंच्या पाठीला हात लावला तो झटकन मागे घ्यावा लागला. पंखे बंद पडले होते. एक आधी गेला असणार, दुसरा त्याचं ओझं ओढून दमला असणार, आणि शेवटी जीव वाचवायला त्यांनी स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं. त्याआधी त्या किती वेळ ओरडल्या असतील, पंखा गेला, उष्णता वाढली, आणखी वाढली, हे थोरल्यांच्या डोळ्यांपुढे ओळीओळीनं दिसलं. ऐकायला कुणी नव्हतं.

पंख्यांचा जादा संच कपाटात होता, त्यांनीच तीन वर्षांपूर्वी भांडून मागवलेला. धाकट्यांनी विजेरी धरली, थोरल्यांनी पंखे बदलले. चाळीस मिनिटं परिचारिका कागद घेऊन जिने चढत-उतरत होत्या आणि एका माणसाची शस्त्रक्रिया रक्ताच्या अहवालासाठी खोळंबली होती. तो माणूस हिरवा झगा घालून ढकलगाडीवर पडून होता आणि कुणीतरी येऊन त्याला काय झालंय ते सांगेल म्हणून दाराकडे बघत होता. ही हकीकत थोरल्यांना नंतर कळली, पण ती त्यांना कायमची कळली.

सासूबाई पुन्हा सुरू झाल्या. बंद पडल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या डोक्यातलं मागचं सगळं पुसलं गेलं होतं. वर आल्यावर धाकट्यांनी सर्व्हरमधून सासूबाईंच्या ओळी काढल्या आणि शेवटची ओळ पडद्यावर आली. थोरले त्यांच्या खांद्यामागेच उभे होते. गुरुवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. प्रवेश यशस्वी. वापरणारा, दादा. त्यानंतर एकही ओळ नाही.

तोंडावर हात ठेवायच्या आधी आत तर शिरावं लागतं, आणि आत शिरणाऱ्याचं नाव आता सासूबाई सगळ्यात आधी कळवत. हे धाकट्यांनी थोरल्यांसमोरच चालू केलं होतं. वेळही अचूक होती, थोरल्यांनीच जुळवून दिली होती.

धाकट्यांनी ती ओळ दोनदा वाचली. दारात संचालकबाईंची चाहूल लागली तशी त्यांनी ती ओळ बंद केली.

"एवढा मोठा सर्व्हर," बाई म्हणाल्या, "त्यानं आधी का नाही सांगितलं?"

"माझी चूक, मॅडम," धाकटे म्हणाले. "बोलणारे दिसतील अशी सोय मी केली, गप्प बसणारे दिसतील अशी केली नाही. गुरुवारपासून त्यांची एकही नोंद आली नव्हती. मी पाहायला हवं होतं."

यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी त्यात खोटं होतं, आणि ते थोरल्यांसाठी बोललेलं होतं. थोरल्यांना हायसं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही.

बाईंनी धाकट्यांकडे जरा निरखून बघितलं. "चूक अशी सरळ कबूल करायला मन मोठं लागतं," त्या म्हणाल्या.

मोठं. सासूबाई गेल्या, घड्याळं गेली, नणंदसुद्धा निर्दोष सुटली. आता मोठेपणाही यालाच. थोरल्यांच्या छातीत असा जाळ झाला की त्यांना पुढचं काही सुचलं नाही. नंतर पुष्कळ लोक म्हणाले की त्यांची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली. तसं काही झालं नव्हतं. त्यांना फक्त सहन झालं नाही.

"त्या गप्प बसल्या नव्हत्या," थोरले म्हणाले. "मी गप्प केलं त्यांना. गुरुवारी. यांना खाली बघायला लागावं म्हणून."

"का?" बाईंनी विचारलं. त्यांना कारण लागे.

"आधी त्या फक्त माझ्याशी बोलायच्या."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्या ओरडल्या नाहीत. प्रमुखाचं पद धाकट्यांना देत असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. थोरल्यांची नोकरी राहील, पण वरच्या मजल्यांवर. "आणि तळघराची किल्ली यांच्याकडे द्या," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

किल्ली जुड्यातून निघता निघेना. एकोणीस वर्षांत कडीत रुतून बसली होती. शेवटी धाकट्यांनी कडी फाकवून धरली आणि थोरल्यांनी ती ओढून काढली.

"मी सांभाळून घेतलं होतं, दादा," धाकटे म्हणाले.

"हो."

"मग बोललात कशाला?"

"तुम्ही मोठे ठरत होतात."

धाकट्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "आणि ठरलो असतो तर? अकरा वर्षं झाली लग्नाला. त्या घरात पाऊल टाकलं की थोरल्यांना विचारा, थोरले असं करत नाहीत, थोरल्यांचा शब्द म्हणजे शब्द. नोकरी लागली तीही तुमच्या शब्दावर. एकदा, फक्त एकदा मी तुम्हाला पाठीशी घातलं असतं. एवढं एक सुख माझ्या वाट्याला येऊ द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

महिनाभर जे पोटात दुखत होतं ते एकाएकी थांबलं. हा माणूस आपल्यावर जळतो, अकरा वर्षं जळतोय, हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या रविवार," धाकटे म्हणाले. किल्ली त्यांनी अजून खिशात घातली नव्हती. "आईंना काय सांगायचं?"

"झालं ते सांगा. पद तुम्हाला मिळालं."

"आणि तुम्ही काय केलंत ते?"

"तेही सांगा."

"आणि मग आपणहून कबूल केलंत, ते?"

थोरले उरलेला जुडा खिशात घालू लागले.

"म्हणजे कौतुक परत तुमचंच," धाकटे म्हणाले.